आपल्या कचऱ्यात आहे तरी काय?

पोस्ट लांब आहे, निवांत वाचा. विषय घाण आहे, पण आपल्याच घरातून निघालेला आहे.

साताऱ्यात असो नाहीतर सांगलीत, कचऱ्यावरच्या कुठल्याही बैठकीला जाऊन बसा. तासभर एकाच प्रश्नावर भांडण चालतं: कचरा टाकायचा कुठं? सोनगावचा डेपो, समडोळी रस्ता, बेडग रस्ता ही नावं या दोन जिल्ह्यांत याच भांडणामुळं सगळ्यांना पाठ झालीत. डेपोशेजारचे म्हणतात आमच्या उशाशी नको. शहरातले म्हणतात आमच्या दारात नको. ठेकेदार म्हणतो किती टन ते सांगा, उचलतो.

या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही. या कचऱ्यात आहे काय? शंभर किलोत भाजीचे देठ किती, माती किती, प्लॅस्टिक किती, काच किती, कापड किती? खरं तर पुढचं सगळं यावरच ठरतं. खत होईल का, गॅस होईल का, जळेल का, पुरावं लागेल का, आणि हे सगळं करायला पैसे किती लागतील. सोनं घेताना आपण आधी कस लावतो. कचऱ्यावर कोट्यवधी खर्च करताना मात्र कस न लावताच गाठ मारतो.

हे असं का झालं, याला इतिहास आहे. तोच आज सांगतो.

पांढरीची माती

आपल्याकडं गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. वस्तीला ‘पांढरी’ का म्हणायचं? कारण तिथली माती खरोखरच पांढुरकी असते. शेकडो वर्षं चुलीतली राख, पडलेल्या भिंतींची माती, चुना, शेण, खापरं, हाडं एकावर एक साचत गेली आणि गावाखालची जमीनच बदलली. जुनं गावठाण उठलं की शेतकरी ही पांढरी माती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकायचे. पीक जोमात यायचं.

म्हणजे बघा, आपल्या पूर्वजांच्या कचऱ्यात काय होतं हे आपल्या भाषेतच लिहून ठेवलंय. त्यात राख जास्त होती, म्हणून वस्ती पांढरी.

पुरातत्त्ववाल्यांचा सगळा धंदाच यावर चालतो. १९४५-४६ साली ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी कोल्हापुरात पंचगंगेकाठची ब्रह्मपुरीची टेकडी खणली, तेव्हा सातवाहन काळच्या माणसांचं जगणं कळलं ते बहुतेक त्यांनी टाकलेल्या, फुटलेल्या, विसरलेल्या वस्तूंवरून. थर मोजायचा, त्यातली वस्तू वेगळी करायची, नोंद करायची. कचऱ्याचं पृथक्करण म्हणजे हेच काम, फक्त माणसं जिवंत असताना करायचं.

अमेरिकेत विल्यम रॅथजे नावाच्या पुरातत्त्वज्ञानं १९७३ साली ॲरिझोना विद्यापीठात अगदी हेच सुरू केलं. टुसान शहरातल्या घरांचा ताजा कचरा घेऊन विद्यार्थ्यांकडून तो वेगळा करून मोजायला लावला. त्यातून एक मजेशीर गोष्ट बाहेर आली. लोक दारू किती पितात, हे ते तोंडानं सांगतात एक आणि त्यांची कचऱ्याची पेटी सांगते दुसरंच. पुढं त्यानं जुने डेपोही खणले. तेव्हा दिसलं की कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं आत अजून वाचता येतायत. जमिनीत पुरलं की कुजतंच, हा सगळ्यांचा समज तिथं खोटा ठरला.

उकिरडा आणि त्यात काय नव्हतं

वाई तालुक्यातल्या आमच्या आजोळी परसात उकिरडा होता. गोठ्यातलं शेण, वैरणीचं चगाळ, केर, चुलीतली राख, उष्टं-खरकटं. एवढंच. राखेतली बरीचशी तर आधीच भांडी घासायला जायची. वर्षातून एकदा सगळा उकिरडा शेतात जायचा. आपल्याकडं म्हणतात ना, उकिरड्याची दैनाही बारा वर्षांनी फिटते. आमच्या आजीच्या उकिरड्याची दरवर्षी फिटायची.

त्यात काय होतं यापेक्षा काय नव्हतं ते बघा. जुने कपडे नव्हते, कारण ते बोहारणीला देऊन भांडं घ्यायचं, नाहीतर त्यांची गोधडी शिवायची. बाटली नव्हती, डबा नव्हता, रद्दी नव्हती, कारण त्याला मोल होतं. पत्रावळ पळसाच्या पानांची, ती गुरांपुढं किंवा खतात. जे टाकायचं ते कुजणारं आणि जे कुजत नाही ते टाकायचं नाही, असा सरळ हिशेब होता.

पण या चित्राला फार गोंजारू नका. गावाची घाण कुणी उचलायची, मेलेलं जनावर कुणी ओढायचं, हे जातीनं ठरवलेलं होतं. महार समाजावर ते काम वतनाच्या नावाखाली लादलं गेलं. शहरं वाढली तसं मैला उचलण्याचं काम मेहतर समाजाच्या डोक्यावर आलं, ‘डोक्यावर’ हा शब्द इथं शब्दशः घ्या. कचऱ्यात काय असतं हे ज्यांना हातानं कळत होतं, त्यांना ते लिहायचा अधिकार नव्हता. ज्यांच्या हातात लेखणी होती, ते नाकाला पदर लावून लांब उभे. ज्या साताऱ्यात १९०० साली भीमराव आंबेडकरांचं नाव इंग्रजी शाळेत दाखल झालं, त्या साताऱ्यात वर्गातही त्यांना वेगळं बसावं लागलं. पुढं त्यांनीच आपल्या लोकांना ही गावकीची घाणेरडी कामं सोडा असं ठणकावून सांगितलं. कचऱ्याच्या अज्ञानामागं हे एक कारण आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जुनं आहे.

नगरपालिका आली, डेपो आला

१८४८ साली साताऱ्याचं राज्य खालसा झालं. दोनच वर्षांत १८५० चा नगरपालिकांचा कायदा आला आणि १८५३ मध्ये साताऱ्यात नगरपालिका सुरू झाली. सांगली, मिरज इथं पटवर्धनांची संस्थानं, त्यांचा कारभार वेगळा. आजचा सांगली जिल्हा तर १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून जन्मला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. म्हणून या दोघांची गोष्ट एकत्र सांगितलेली बरी.

त्या काळच्या नगरपालिकेची मुख्य चिंता होती मैला. घराघरात टोपलीचे संडास. रोज मैला उचलून गावाबाहेर न्यायचा, खड्ड्यात घालायचा, वर केर आणि राख पसरायची. १८९६ नंतर प्लेग आला, सातारा जिल्ह्याला त्यानं चांगलंच झोडपलं. तेव्हापासून घाण म्हणजे मरण हे डोक्यात पक्कं बसलं. ते चूक नव्हतं. पण त्यातून सवय अशी लागली की कचरा म्हणजे लवकरात लवकर नजरेआड करायची वस्तू. बघायची वस्तू नव्हे.

यात एक चांगलं वळणही आलं, ते मात्र आपण विसरलो. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञानं इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात खत कुजवण्याची पद्धत बसवली. ती जगात ‘इंदूर पद्धत’ म्हणून गाजली. १९३१ साली त्यावर पुस्तक आलं, त्याच्या मुखपृष्ठावर दुसरं नाव होतं यशवंत वाड यांचं. हॉवर्ड सगळ्यांना माहीत, वाड कुणालाच नाही. नंतर १९३९ च्या सुमारास सी. एन. आचार्य यांनी बेंगळुरूत शहरांसाठी वेगळी पद्धत काढली. खड्ड्यात केराचा थर, मैल्याचा थर, पुन्हा केर, आणि वरून चिखलाचं लिंपण. पुढं ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत देशभरच्या नगरपालिकांनी असं खत करून विकलं. आमचे आजोबा गावाबाहेरच्या डेपोतून बैलगाडीनं खत आणल्याचं सांगायचे. जुनी माणसं त्या जागेला अजून ‘कंपोस्ट डेपो’ म्हणतात, ‘खत डेपो’ म्हणतात. ‘कचरा डेपो’ हा शब्द नंतरचा. जागा बऱ्याच ठिकाणी तीच राहिली, आत जाणारा माल बदलला, आणि मग नावही बदललं.

माल कसा बदलला? सेफ्टी टँकचे आणि फ्लशचे संडास आले, मैला केरातून वेगळा झाला. हे फार चांगलं झालं, माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरण्याची ती सुरुवात होती. युरियाचं पोतं आलं, डेपोच्या खताची गरज कमी झाली. आणि केरात काच, ब्लेड, पिशव्या दिसायला लागल्या. शेतकऱ्याच्या पायात एकदा काच घुसली की तो पुन्हा त्या डेपोकडं फिरकत नाही. खत करण्याची पद्धत तीच होती. तिच्यात घालायचा माल तो राहिला नव्हता.

मोजायला कुणी सुरुवात केली?

कचऱ्यातली चीजवस्तू वेगळी करणं ही काही नवी विद्या नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या कचऱ्यात बहुतेक कोळशाची राखच असायची. बायका-पोरं ती चाळायची, बारीक राख विटा करायला जायची. पॅरिसमध्ये १८८३ साली यूजीन पूबेल नावाच्या अधिकाऱ्यानं हुकूम काढला की घरोघरी तीन पेट्या ठेवा: एकीत कागद आणि चिंध्या, दुसरीत काच, खापरं आणि कालवांचे शिंपले, तिसरीत बाकीचं. म्हणजे ओला-सुका वेगळा करा ही कटकट सव्वाशेहून अधिक वर्षं जुनी आहे. फ्रेंच लोकांनी त्याच्यावर असा राग काढला की आजही तिथं कचऱ्याच्या डब्याला ‘पूबेल’च म्हणतात.

आपल्याकडं पद्धतशीर मोजणी केली ती नागपूरच्या ‘नीरी’नं. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून ती सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिचं नाव नीरी झालं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय शहरांच्या कचऱ्याचे जे आकडे आले ते आज वाचले की आपण दुसऱ्याच देशाबद्दल वाचतोय असं वाटतं. जवळपास निम्मा कचरा राख आणि बारीक माती. चाळीस टक्क्यांच्या वर कुजणारा माल. आणि प्लॅस्टिक? १ टक्क्याहूनही कमी.

१९९५ च्या सुमारास पुन्हा मोजलं, तर प्लॅस्टिक ४ टक्क्यांच्या जवळ. २००५ च्या सुमारास ९ टक्क्यांच्या आसपास. राख मात्र कमी होत गेली.

आता इथं जरा थांबा, कारण या आकड्यांत दोन सापळे आहेत.

पहिला सापळा. समजा शंभर किलो कचऱ्यात पन्नास किलो राख होती आणि चाळीस किलो भाजीपाला. घरात गॅस आला, राख गेली. आता उरले पन्नास किलो, त्यात भाजीपाला तेवढाच चाळीस. पण टक्केवारी ४० वरून एकदम ८० वर! लोक जास्त भाजी टाकायला लागले असं कुणी म्हणालं तर ते खोटं. गेली ती चूल. म्हणून नुसती टक्केवारी वाचायची नाही, एकूण किलोही विचारायचे.

दुसरा सापळा. प्लॅस्टिक हलकं असतं. वजनात ९ टक्के म्हणजे कमी वाटतं, पण ढिगाकडं बघाल तर डोळ्यांना प्लॅस्टिकशिवाय काही दिसत नाही. गटार तुंबतं ते वजनानं नाही, आकारमानानं. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, त्यानंतरच राज्यात पातळ पिशव्यांवर कडक नियम आले. २०१८ साली तर प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर मोठी बंदीच आली. ही बंदी एका अर्थानं कचऱ्याच्या पृथक्करणातून निघालेला कायदा आहे.

पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचं नाव आठवा: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. वेचणाऱ्यांनी आपल्या नावातच मालाची यादी दिली. कागद, काच, पत्रा. प्लॅस्टिक त्यात नाही. आज नाव ठेवलं असतं तर प्लॅस्टिक पहिलं आलं असतं. मला विचाराल तर त्या काळच्या कचऱ्याचा याहून प्रामाणिक अहवाल सापडणं अवघड आहे.

करतात कसं?

काम साधं आहे, सोपं नाही. शहराच्या वेगवेगळ्या भागांतून आलेला माल घ्यायचा. नुसता एक ट्रक नाही. बाजारपेठ, जुनी पेठ, नवी कॉलनी, झोपडपट्टी, हॉटेलांची गल्ली, सगळं. ताडपत्रीवर ओतायचं, खोऱ्यानं नीट कालवायचं, गोल ढीग करून भाकरीसारखे चार चतकोर पाडायचे. समोरासमोरचे दोन चतकोर काढून टाकायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे, पुन्हा चार भाग. असं करत हाताळता येईल एवढा नमुना उरला की मग हातानं वेगळं करायचं: अन्न आणि भाजीपाला, पालापाचोळा, कागद, जाड प्लॅस्टिक, पातळ प्लॅस्टिक, कापड, रबर-चामडं, काच, धातू, डायपर-पॅड, माती-खडे. प्रत्येकाचं वजन. मग प्रयोगशाळेत ओलावा, उष्मांक, कर्ब आणि नत्राचं प्रमाण.

आणि हे एकदाच करून भागत नाही. आपल्या दोन जिल्ह्यांचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात आंब्याच्या साली आणि कोयी. लग्नसराईत ताटं आणि पाण्याचे ग्लास. गणपतीत निर्माल्य, दिवाळीत पुठ्ठे आणि खोकी. महाबळेश्वर-पाचगणीला सुट्ट्यांत पर्यटकांच्या बाटल्या आणि वेष्टनं. मिरजेत दवाखाने एवढे, वॉनलेस हॉस्पिटल तर १८९४ पासूनचं. दवाखान्याचा कचरा कायद्यानं वेगळा जायला हवा, पण घरी इन्सुलिन घेणाऱ्याची सुई घंटागाडीतच पडते. पावसाळ्यात तर सगळंच भिजतं आणि वजन वाढतं. ऑगस्टातला टन आणि एप्रिलातला टन हे दोन वेगळे टन आहेत.

अजून एक. नमुना कुठं घेतला यावरही आकडा बदलतो. घराच्या दारात घेतला तर पुठ्ठा-बाटली दिसते. डेपोवर घेतला तर नाही, कारण मधल्या वाटेत वेचणाऱ्या बाईनं, भंगारवाल्यानं ती काढून घेतलेली असते. डेपोवरचा आकडा बघून ‘आमच्या कचऱ्यात विकण्यासारखं काही नाही’ म्हणणं म्हणजे त्या बाईचं काम हिशेबातूनच पुसून टाकणं.

न मोजता केलं तर काय होतं?

याचं सगळ्यात महागडं उदाहरण दिल्लीत आहे. १९८७ साली तिमारपूरला डेन्मार्कच्या तंत्रज्ञानानं कचरा जाळून वीज करायचं केंद्र उभं राहिलं. रोज ३०० टन कचरा, पावणेचार मेगावॉट वीज. यंत्र चांगलं होतं. पण ते ज्या कचऱ्यासाठी बनवलं होतं त्यात कागद आणि खोकी भरपूर, आणि आपल्या कचऱ्यात ओली भाजी आणि माती. लागणाऱ्या उष्मांकाच्या निम्म्याच्या आसपासच माल मिळाला. जळेना. जेमतेम तीन आठवडे चालून केंद्र बंद पडलं. आधी चार ऋतूंत ताडपत्रीवर ढीग करून चतकोर पाडले असते तर एवढा खर्च वाचला असता.

दुसरं उदाहरण आपलंच. ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. पाणी उतरलं आणि सांगलीच्या रस्त्यांवर जे आलं ते रोजच्या कचऱ्यासारखं नव्हतंच. गाद्या, कपाटं, भिजलेलं धान्य, दुकानातला सगळा माल, पोरांची वह्या-पुस्तकं, आणि सगळ्यावर गाळाचा थर. बाहेरच्या शहरांतून सफाईची पथकं आली, लोकांनी रात्रंदिवस उपसलं. त्या वेळी वेगळं करत बसा असं कुणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये. पण तो सगळा माल शेवटी डेपोवरच्या ढिगात गेला. आज कुणी जुन्या ढिगांचं ‘बायोमायनिंग’ करायला निघालं, तर त्यात खतासारखी माती किती, जळण्याजोगं किती, दगड-विटा किती, याचा अंदाज त्या पुराला विसरून करता येणार नाही. डेपोच्या पोटात आपल्या शहराचा इतिहास थरांनी साचलाय, पांढरीसारखाच. फरक इतकाच की ही पांढरी शेतात नेण्याआधी दहा वेळा तपासावी लागेल.

मग मोजत का नाहीत?

नियमांची कमी नाही. अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २००० साली देशभरासाठी घनकचऱ्याचे नियम आले. २०१६ साली ते बदलले, ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करा असं सांगितलं. केंद्राच्या मार्गदर्शक पुस्तिकेत नमुना कसा घ्यायचा तेही लिहिलंय.

पण अडचण बघा. २००५ च्या आसपासची जी मोठी पाहणी सगळे वापरतात ती ५९ शहरांची. त्यातली ३५ महानगरं आणि २४ राज्यांच्या राजधान्या. त्यात सातारा नाही, सांगली नाही, कराड नाही, असण्याचं कारणच नाही. मी एकदा एका पालिकेच्या कार्यालयात विचारलं, आपल्या गावाच्या कचऱ्याचं पृथक्करण आहे का? साहेबांनी अभिमानानं प्रकल्प अहवाल उघडून दाखवला. पान होतं, रंगीत वर्तुळाचं चित्रही होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आकडे देशाच्या सरासरीवरून घेतले आहेत. म्हणजे दुसऱ्याची रक्ततपासणी बघून आपलं औषध लिहायचं.

दुसरं कारण पैशाचं. अनेक शहरांत ठेकेदाराला पैसे मिळतात टनावर. काट्यावर गाडी चढली, वजन झालं, बिल निघालं. मग गाडीत माती आहे की खरकटं, काट्याला काय कळतंय? ओली माती जड असते, एवढं सांगितलं तरी पुरे. जिथं वजनाला पैसा आहे आणि मालाला नाही, तिथं गाडी उघडून बघण्यात कुणाचाच फायदा नसतो. फायदा फक्त तुमचा-माझा असतो.

तिसरं कारण वर सांगितलंच. हात घालून बघणं हे ‘त्या लोकांचं’ काम. डिग्रीवाला माणूस तिथं जात नाही.

आपल्याच जिल्ह्यांनी दाखवलेली वाट

आता चांगली गोष्ट सांगतो, आणि ती थोडीथोडकी नाही. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांमध्ये देशात पहिला क्रमांक २०२० साली कराडचा. २०२१ साली विट्याचा. २०२२ साली पाचगणीचा. सलग तीन वर्षं पहिला नंबर सातारा आणि सांगली या दोनच जिल्ह्यांत! देशात हजारो शहरं आहेत हो.

स्पर्धेच्या गुणांबद्दल ज्याचं त्याचं मत असू दे. पण या गावांनी भर दिला तो घरातूनच वेगळा कचरा घेण्यावर. पाचगणीनं तर कचऱ्याच्या जागेचा ‘स्वच्छ भारत पॉइंट’ केला, टेबललँड बघायला येणारा पर्यटक तिथंही जाऊ शकतो. आणि विटा म्हणजे गलाईवाल्यांचा मुलूख. इथली माणसं देशभर सोनं-चांदी शुद्ध करायला गेली. धातू वितळवण्याआधी त्यात काय आणि किती हे पारखणं हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांच्या गावाला हा नंबर मिळावा, हे मला मोठं सूचक वाटतं.

यातली मुद्द्याची गोष्ट अशी. कचरा घरात वेगळा झाला की वेगळ्या पृथक्करणाची फार गरजच उरत नाही. ओल्याचं वजन रोज वेगळं, सुक्याचं वेगळं, घातकाचं वेगळं. सुक्यातलंही पुठ्ठा किती, बाटली किती, विकताना पावतीवर येतंच. दर दिवशी, दर ऋतूत, फुकटात मोजणी होते. ओला-सुका म्हणजे नुसती शिस्त नाही, ती गावाची रोजची नोंदवही आहे. आपण घरी दोन डबे ठेवतो तेव्हा आपण त्या वहीत एक ओळ लिहितो.

संत गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घ्यायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांच्या नावानं २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं ते सांगली जिल्ह्यातल्याच अंजनीच्या आर. आर. पाटलांनी. त्या अभियानानं आपल्या गावांना झाडायला शिकवलं, ते मोठंच काम झालं. आता पुढची पायरी आहे ती झाडलेलं बघण्याची.

काय विचारायचं?

तुमच्या वॉर्डात कुणी मत मागायला आलं, किंवा प्रभागाची सभा असली, तर ‘डेपो कुठं?’ याआधी हे चार प्रश्न विचारा. माहिती अधिकारातही विचारता येतात.

१. आपल्या शहराच्या कचऱ्याचं पृथक्करण शेवटचं कधी झालं? किती दिवस, कुठल्या ऋतूत, कुठल्या भागात?

२. प्रकल्प अहवालातले आकडे आपले आहेत की सरासरीचे?

३. ठेकेदाराला पैसे वजनावर आहेत की वेगळ्या केलेल्या मालावर?

४. वेगळं करणाऱ्या माणसांना हातमोजे, बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन आहे का? कारण काच किती टक्के हा कागदावरचा आकडा त्यांच्या तळहातावर रोज लिहिला जातो.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला अधिकारी अडखळला, तर पहिल्या तिन्हींची उत्तरं तुम्हाला न विचारताच कळतील.

आणि एक काम घरचं. एक आठवडा घरातला कचरा चार पिशव्यांत वेगळा ठेवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. पोरांना लिहायला लावा. कुठल्या गावाचे, घरात माणसं किती, काय किती निघालं, ते खाली कॉमेंटमध्ये टाका. कराड, विटा, इस्लामपूर, वाई, फलटण, तासगाव, मिरज, सातारा, जे असेल ते. शे-दोनशे घरं झाली तरी नगरपालिकेत जाऊन टेबलावर ठेवायला आपल्या हातात काहीतरी असेल.